तात्यांची रत्नागिरीची सून

“सरकारी कागद म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ!” असं तात्या राऊत म्हणाले, की त्यांच्या मंगलाबाई तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळायच्या. हसू आवरायला!

तात्या माकुणसारचे बागाईतदार. घरामागं वाडी, वाडीत केळी, नारळ, पानवेली आणि बारमाही विहीर. पण तात्यांचा जीव वाडीत कमी आणि कचेरीत जास्त! गावात कुणाचा दाखला अडला, की तात्या टोपी झटकून पालघरला निघालेच. काम व्हायचं का, ते मात्र विचारू नका. चिंतू दुकानदाराच्या मयत वडलांचं नाव रेशनकार्डावरून कमी करायला गेले, ते चिंतूचंच कमी करून आले. बिचारा वर्षभर कागदोपत्री मेलेला होता, आणि दुकान मात्र रोज वेळेवर उघडायचा!

अशा तात्यांच्या घरात शहाऐंशी साली परदेशी सून आली. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! आता कागदच कागद!

मुलगा शांताराम तारापूरच्या वसाहतीत, रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होता. कंपनीनं त्याला शिकायला मुंबईच्या कॉलेजात धाडलं, आणि तिथं मॉरिशसहून शिकायला आलेली रोझलीन सखाराम त्याला भेटली. आडनावावरून काय ते समजा. तिचे पणजोबा सखाराम रत्नागिरीकडून बोटीनं ऊस तोडायला गेले, आणि तिकडच्या साहेबानं त्यांच्या नावाचंच आडनाव करून टाकलं. पोरगी सावळी, ठसठशीत, आजीकडून शिकलेलं मराठी घडाघडा बोलणारी. दोघांनी मुंबईत रजिस्टर लग्न केलं आणि मग घरी सांगितलं.

तात्या एक वेळ जेवले नाहीत. रात्री तिच्या हातचं बोंबलाचं कालवण चाखलं आणि राग निवळला. पण ‘लोक काय म्हणतील’ हे भूत काही मानेवरून उतरेना.

“गावाला सांगायचं, सून रत्नागिरीची,” त्यांनी फर्मान काढलं. “खोटं कुठं हाय? पणजोबा तिथलेच ना!”

मग गावात रीतसर हळद लागली, अंतरपाट धरला. घरात आल्यावर शांतारामनं ताटातल्या तांदळात अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहिलं: दमयंती. रोझलीनला मोठी गंमत वाटली. तिची आजीसुद्धा अशा गोष्टी सांगायची म्हणे.

“आणि पोरी,” तात्या म्हणाले, “उंबऱ्याबाहेर ती तुझी तिकडची भाषा काढायची नाय. कुणीबी इचारलं, तरी आपण रत्नागिरीचे. कुणीबी!”

“बरं, तात्या.”

वर पंधरवड्यात तात्यांनी रेशनकार्डावर ‘दमयंती शांताराम राऊत’ असं नावही चढवून आणलं. त्यांच्या आयुष्यात पहिल्या फेरीत झालेलं हे पहिलंच काम! तेव्हाच कुठंतरी पाल चुकचुकायला हवी होती.

वर्ष सरलं. रोझलीनची शिक्षणाची मुदत संपत आली. आता बायको म्हणून इथं राहायचं, तर सरकारची परवानगी हवी. अर्ज जिल्ह्याच्या ठिकाणी गेला, त्यासोबत पासपोर्टही जमा झाला. आता पोलिसांनी गावात येऊन एवढीच खात्री करायची, की अमुक परदेशी बाई इथं नवऱ्याबरोबर नांदते. चौकशीत खोट निघाली तर महिनाअखेर विमानात! शांतारामची झोप उडाली. मंगलाबाईंनी तर सुनेचा बाळंतविडा शिवायला घेतला होता, त्यांचा हात सुईवरच थांबला.

“तुमी गप बसा!” तात्या गरजले. “उद्या मी पालघरला जातो. आपल्या ओळखी काय चाटायच्यात?”

तात्या ओळखी काढायला पालघरला गेले, आणि नेमका त्याच दिवशी हवालदार माकुणसारला आला.

“इथं रोझलीन म्हणून कुणी परदेशी बाई राहते का?” त्यानं चिंतूच्या दुकानात विचारलं.

“परदेशी? नाय बा!” चिंतू म्हणाला.

शेजारची मैनाबाई मीठ घ्यायला आली होती. “आमच्या गावात परदेशी म्हंजे वसईची माझी विहीण,” ती म्हणाली. “तीबी गेली परत!”

“मग तात्या राऊतांची सून?”

“ती व्हय? ती रत्नागिरीची. दमयंती. लय गुणाची पोर!”

हवालदार वाडीत गेला. त्याच्या डोळ्यांपुढं गोरी, झग्यातली मडम! आणि समोर काय, तर पदर खोचून केळींना पाणी लावणारी सावळी बाई. कपाळाला ठसठशीत कुंकू, केसांना चपचपीत तेल.

“ताई, घरात कुणी परदेशी आहे?”

रोझलीननं पाणी लावणं थांबवलं. खाकी कपडे बघून तिला वाटलं, सांगावं. पण सासऱ्यांनी बजावलेलं, कुणीबी इचारलं तरी!

“नाय हो दादा. आमी सगळे इथलेच. मी तेवढी रत्नागिरीची.”

“मालकांचं नाव?”

नवऱ्याचं नाव असं फटकन घ्यायचं नाही, हे मंगलाबाईंनी तिला पहिल्या दिवशीच शिकवलेलं. ती लाजली, पदर सावरला आणि म्हणाली,

“पानवेलीच्या मांडवाला बांबूची काठी,
शांतारामरावांचं नाव घेते हवालदारदादांसाठी!”

हवालदार खूश! चहा प्याला, रेशनकार्ड पाहिलं, शहाळं घेतलं आणि ‘सदर परदेशी बाई येथे राहत नाही’ असं लिहून गेला.

त्यावरून वरच्या फौजदारानं सरळ हिशेब मांडला. रजिस्टर लग्न रोझलीनशी, घरात नांदते दमयंती. म्हणजे दोन बायका! दुसऱ्या दिवशी हवालदार तारापूरला कारखान्याच्या गेटवर हजर. दोन बायकांची चौकशी आहे म्हणून शांतारामला शिफ्टमधून बाहेर बोलावलं, आणि पाठोपाठ गेटवरच्या कामगारांचा गलका झाला. “क्या बात है राऊतसाब! दो-दो शादी, और मिठाई एक की भी नहीं?”

दुपारी शांतारामला घेऊन जीप तात्यांच्या अंगणात! मागोमाग अख्खं गाव. फौजदारांच्या हातात पासपोर्टची झेरॉक्स, आणि त्यातल्या फोटोतलं तोंड तव्यासारखं काळं, ओळखू म्हणून येईना.

“तात्या, पहिली बायको कुठाय?”

“पहिली कसली, सायेब? हीच ती!” तात्यांची टोपी वाकडी झाली. “लग्नात नाव बदललं. रीतच हाय आपली!”

“नाव बदलतात, मलाही माहीत आहे. माझ्या बायकोचंही बदललंय. पण देश बदलतो का? गाव म्हणतं, ती रत्नागिरीची. बाई स्वतः म्हणते, मी रत्नागिरीची. वर उखाणा घेते! एक बाई परदेशी आहे, पण इथं राहत नाही. दुसरी इथं राहते, पण परदेशी नाही. पहिलीचं केलंत काय?”

“अगं आई गं!” म्हणून मंगलाबाई मटकन खाली बसल्या. शांताराम काही बोलायला गेला, तर हवालदारानं त्याला गप केलं.

“खरं काय ते आत्ता सांगा,” फौजदार म्हणाले, “नाहीतर मी हाच रिपोर्ट पाठवतो. मग राहायची परवानगी विसरा!”

तात्यांनी सुनेकडं पाहिलं. ती उंबऱ्याच्या आत उभी होती. एक हात पोटावर, डोळे डबडबलेले. तरी तोंडातून अक्षर नाही! का, तर तात्यांनीच बंदी घातलेली. घरची लक्ष्मी गेली, होणारं नातवंड गेलं, तर त्या ‘लोक काय म्हणतील’चं काय लोणचं घालायचंय?

त्यांनी टोपी काढली आणि गावाकडं तोंड करून ओरडले, “ऐका रे सगळे! माझी सून रत्नागिरीची नाय! ती मॉरिशसची हाय! मी तुमच्याशी वर्षभर खोटं बोललो!”

मग मैनाबाई पुढं आली.

“आमाला म्हाईत हाय की, तात्या!”

“आँ? कधीपासून?”

“हळदीच्या दिसापासून! मंगलावहिनीनं मला सांगितलं, कुणाला सांगू नको म्हून. मंग मीबी सगळ्यांना तसंच सांगितलं, कुणाला सांगू नको म्हून!”

“मग हवालदाराला का नाय सांगितलंत, मेल्यांनो?”

“वा!” चिंतू म्हणाला. “तुमी गावभर रत्नागिरी म्हणणार, आन् आमी पोलिसापुढं तुमाला खोटं पाडणार? तुमची अब्रू ती गावाची अब्रू!”

फौजदारांनी कपाळावर हात मारून घेतला. “अहो, कालपर्यंत हेच गाव छातीठोक रत्नागिरी म्हणत होतं! आता मी कशावर विश्वास ठेवू? बाई, तुमच्या भाषेत दोन शब्द बोला बघू.”

रोझलीन अजून उंबऱ्याच्या आतच. तिनं सासऱ्याकडं पाहिलं.

“बोल, पोरी!” तात्या कळवळून म्हणाले. “अशी बाहेर ये आन् अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं बोल!”

ती उंबरा ओलांडून अंगणात आली, पदर खोचला, आणि काय सुटली म्हणता! वर्षभर गिळलेलं सगळं धबाधबा बाहेर! हातवारे करत, मधूनच डोळे पुसत, मधूनच हसत ती बोलत राहिली. शेवटी तात्यांकडं बोट करून ठासून म्हणाली, “मो बोपेर एन मांतेर, मे सो लेकेर बों!”

कुणाला ओ की ठो कळलं नाही.

“परदेशी आहे!” फौजदार हवालदाराला म्हणाले. “एकशे एक टक्के! लिहून घे, नवऱ्याबरोबर नांदते. सासऱ्याबरोबरसुद्धा!”

चांगला रिपोर्ट गेला, परवानगी आली, पुढं नातही झाली. पण त्या संध्याकाळी ओटीवर बसून तात्यांनी हळूच विचारलं, “पोरी, शेवटी माझ्याकडं बोट करून काय गं म्हणालीस?”

रोझलीन पदराआड हसली. “म्हटलं, माझा बोपेर म्हणजे सासरा, मांतेर म्हणजे एक नंबरचा खोटारडा आहे, पण मनाचा लय चांगला!”

पलीकडं मैनाबाई अंगण झाडत होती. झालं! आठवड्यात माकुणसारच्या शेंबड्या पोराच्या तोंडीसुद्धा एकच घोष, ‘बोपेर मांतेर! बोपेर मांतेर!’ तात्या अजून टोपी झटकून पालघरला निघतात, तेव्हा पोरं मागून हीच आरोळी ठोकतात. कचेरीतला एखादा नवा कारकून अर्थ विचारतो. तात्या खाकरतात, छाती फुगवतात आणि सांगतात, “काय नाय हो. मॉरिशसमधे बागाईतदाराला तसं म्हणतात!”