विनयरावांचा पेनड्राइव्ह

बुद्धविहारातला जुना कम्प्युटर गुलाबराव मेश्राम घरी घेऊन आले, तेव्हा शेवंताबाई ओलं फडकं घेऊन त्याला पुसायला धावल्या आणि गुलाबरावांनी ते फडकं त्यांच्या हातातून काढून घेतलं. पेशंटला आंघोळ ऑपरेशनच्या आधी घालायची की नंतर, यावर नवराबायकोत थोडी चर्चा झाली.

कम्प्युटरची तब्येत खरंच बिघडलेली होती. बटण दाबल्यावर तो जागा होईपर्यंत विहारात अभ्यासाला आलेल्या मुली कंटाळून घरी जायच्या. विहार कमिटीचे अध्यक्ष गणपतराव यांनी भर बैठकीत जाहीर केलं की, रविवारी कबाडी येणार आहे, तुटक्या पंख्यांबरोबर हाही देऊन टाकू. त्यावर गुलाबराव उठून उभे राहिले.

"गणपतराव, अख्खी जिंदगी फॅक्टरीत गेली माझी. मशीन मरत नसते जी, पाहणाऱ्याचा जीव मरते. रविवारी वंदनेनंतर सुरू करून दाखवतो. नाही झाला तर मीच कबाड्याच्या ठेल्यावर ठेवून देईन."

एवढं बोलायचं कारण घरातच होतं. त्यांच्या लेकीची, पायलची, टायपिंगची परीक्षा तोंडावर आली होती. जवळचा सायबर कॅफे बंद पडला होता आणि संध्याकाळी दूर मदन महालच्या कॅफेपर्यंत जायला शेवंताबाई तिला सोडत नव्हत्या. विहार गल्लीच्या तोंडाशी होता. कम्प्युटर भंगारात गेला असता तर त्याच्यासोबत पायलची प्रॅक्टिसही ठेल्यावर चढली असती.

गुलाबरावांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहून रोगाचं निदान केलं. जुन्या मशीनला जड सिस्टिम झेपत नाही, तिला हलकं लिनक्स हवं. त्यासाठी पेनड्राइव्ह हवा होता. वरच्या मजल्यावरचे विनय देशकर सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत होते, त्यांनी आपला नवा कोरा दिला. पायल मदतीला आली, तर गुलाबरावांनी तिला हातानंच थांबवलं.

"तू फक्त पाह्य. हात लावू नको."

"पप्पा, लेकिन कुछ पूछेगा तो?"

"पुसलं तर सांगू. आपण काय कमी आहो का?"

कम्प्युटरनं खरंच विचारलं. सिस्टिमला जागं करणारा बूट लोडर कुठे ठेवायचा? खाली दोन नावं होती आणि वरच्या नावावर आधीच खूण होती. पायल तेवढ्यात पाणी प्यायला गेली होती. फॅक्टरीत गुलाबरावांनी एक नियम जन्मभर पाळला होता. बनवणाऱ्यानं लावून दिलेली सेटिंग आपण छेडायची नाही. त्यांनी खूण होती तिथेच राहू दिली आणि पुढे गेले.

आणि कम्प्युटर सुरू झाला. चहा कपात पडायच्या आत पडदा उजळला. गुलाबरावांनी तो बंद केला, पुन्हा सुरू केला, शेजारपाजाऱ्यांना बोलावून पुन्हा सुरू केला.

शेवंताबाईंच्या घरात दोन शिरस्ते होते. मागून आणलेली वस्तू काम होताच परत करायची आणि कुणाच्या घरी रिकामं काही पाठवायचं नाही. त्यांनी डब्यात कोथिंबिरीच्या गरम सांबारवड्या भरल्या, त्यावर कागदात गुंडाळलेला पेनड्राइव्ह ठेवला आणि डबा वर पोचवला.

शनिवारी दुपारी गुलाबराव, जायचं गल्लीच्या तोंडापर्यंतच असलं तरी हिसका नको म्हणून ऑटोतून, कम्प्युटर मांडीवर घेऊन, विहारात पोचले. रविवारच्या आधी एकदा तालीम करावी म्हणून गणपतरावांना मुद्दाम बोलावलं होतं. बटण दाबलं. काळ्या पडद्यावर इंग्रजीची एक ओळ उमटली. सुरू होण्यासारखं काही सापडत नाही, असं कम्प्युटर सांगत होता. पुन्हा दाबलं, तेच.

"हे तुमचं हलकं का?" गणपतरावांनी विचारलं. "इतकं हलकं की दिसूनच नाही राहिलं."

"लाइट कमी आहे तुमच्या विहारात," गुलाबराव म्हणाले.

"पंखा फिरून राहिला ना जी फुल."

गुलाबराव कम्प्युटर घेऊन घरी आले. घरीही तीच काळी ओळ. त्यांनी कम्प्युटरचा डबा उघडला, धूळ उडवली, पायलच्या खोडरबरानं आतली मेमरीची पट्टी घासली, वायरी काढून लावल्या. काही फरक नाही. शेवंताबाईंचा संशय ऑटोवाल्यावर होता, कारण त्याला प्रत्येक खड्डा नावानिशी ठाऊक असावा तसा तो चालवत होता.

शेवटी गुलाबरावांनी फॅक्टरीची पद्धत काढली. चालणारं मशीन बंद पडलं, तर चालताना जे जे होतं ते ते परत आणायचं, मग काय कमी आहे ते आपोआप कळतं. टेबल पुन्हा खिडकीशी आलं. त्यावर तोच फुलांचा टेबलक्लॉथ आला. शेवंताबाईंना काल उभ्या होत्या तिथे, सांडशी हातात देऊन, उभं करण्यात आलं.

"काल चहा होता का गॅसवर?"

"होता."

"मग ठेव."

"अजी, चहाने सुरू होते का कम्प्युटर?"

"ठेव म्हणून राहिलो ना."

चहा उकळला, कम्प्युटर नाही. दुसरा चहा घेता घेता शेवंताबाई म्हणाल्या, "काल समोरून एक लाल दिवा लुकलुक करून राहिला होता. आज दिसत नाही तो."

पायलनं मोबाइलमधून डोकं वर काढलं. "पप्पा, बूट लोडर कहाँ डाला था?"

"जिथे खूण होती तिथे. मी काहून छेडू?"

"वो तो पेनड्राइव्ह था, पप्पा. म्हणजे सगळं घर आपल्याकडे आहे, आणि चाबी वर गेली. विनय अंकल के पास. वडीच्या सोबत."

ज्या माणसानं अख्ख्या गल्लीला बोलावून कम्प्युटर दाखवला, त्यानं आता वर जाऊन दिलेला पेनड्राइव्ह परत मागायचा होता. गुलाबरावांनी चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. तेवढ्यात दार वाजलं. दारात विनयराव, हातात तोच स्टीलचा डबा.

"वहिनी, वड्या फर्स्ट क्लास. डबा रिकामा कसा द्यायचा, म्हणून खोव्याची जलेबी आणली. आज ऑफिसातून लवकर सुटलो ना."

"काहून?" गुलाबरावांनी विचारलं.

"अरे काही विचारू नका मेश्रामजी. सकाळी तुमच्याकडून आलेला पेनड्राइव्ह लावला आणि कम्प्युटर सुरू केला, तर काळा पडदा. नुसतं इंग्रजीत काहीतरी मागून राहिला. साहेब म्हणाले, व्हायरस आहे. मग सगळ्यांचे कम्प्युटर बंद, मेन स्विच बंद, सुट्टी. हा पेनड्राइव्ह साहेबांनी रुमालात धरून दिला, म्हणाले, ऑफिसच्या बाहेर न्या." विनयरावांनी खिशातून प्लास्टिकची पुडी काढली. "मला वाटते, हा आता फेकूनच द्यावा."

शेवंताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. खोटं बोलून हे प्रकरण वड्यांच्या तेलावर ढकलता आलं असतं. पण गुलाबराव ताठ झाले.

"विनयराव, तो व्हायरस नाही. तो माझा बूट लोडर आहे. माझ्याच हातचा. तुमच्या मशीनवर तो आमच्या विहाराचा कम्प्युटर शोधून राहिला होता."

"म्हणजे आमची कचेरी तुम्ही बंद पाडली?"

"पेनड्राइव्ह काढून सुरू करा, काहीच झालं नाही तिला," गुलाबराव म्हणाले आणि मग त्यांना राहवलं नाही. "पण एक सांगा. काम कसं पक्कं झालं म्हणायचं?"

विनयराव आधी हसले नाहीत. मग हसू फुटलं, आणि जलेबी तोंडात होती म्हणून त्यांना ठसका लागला.

पुडी उघडली, पेनड्राइव्ह लागला, लाल दिवा लुकलुकला आणि कम्प्युटर जागा झाला. पायल एकेक अक्षर सांगत गेली, गुलाबराव एका बोटानं दाबत गेले, आणि चाबी एकदाची घराच्या आत आली.

रविवारी वंदना झाली. ठेला घेऊन कबाडी विहाराच्या दाराशी उभा होता. गुलाबरावांनी पेनड्राइव्ह सगळ्यांना दिसेल असा वर धरला, खिशात टाकला आणि बटण दाबलं. पडदा उजळला. गणपतराव चष्मा पुसून जवळ आले, मागे जाऊन वायरी पाहून आले, आणि बाहेर जाऊन कबाड्याला म्हणाले, "पंखेच घेऊन जाय बाबा."

पायल खुर्चीवर बसली. तिची बोटं चालायला लागली, मागे मुलींची रांग लागली, आणि त्या टकटकीत गुलाबराव फॅक्टरीत पहिल्यांदा एकट्यानं मशीन चालवली त्या दिवसासारखे उभे राहिले. डोळे पाणावले तर त्यांनी पुसलेही नाहीत.

संध्याकाळी ते पेनड्राइव्ह परत द्यायला वर गेले. विनयरावांनी दार अर्धंच उघडलं.

"मेश्रामजी, तो तुमच्याकडेच असू द्या," ते म्हणाले. "सोमवारी ऑफिस सुरू राहायला पाहिजे. नुसत्या वड्या पाठवा."