फरार साथीदार

सव्वीस वर्षांत वकीलसाहेबांनी चारेकशे साक्षीदारांना घाम फोडला होता, पण स्वतः पिंजऱ्यात ते आज पहिल्यांदाच उभे होते. भरदिवसा त्यांची स्कूटर दारातून गेली होती. एक जण वर बसलेला, दुसरा आडदांड इसम मागून धक्का मारतोय, असं त्यांनी गॅलरीतून डोळ्यांनी पाहिलं होतं. बसलेला सापडला, साथीदार फरार. सगळा खटला साहेबांच्या नजरेवर उभा. ती डळमळली की चोर सुटला. म्हणून निघताना बायकोने बजावलं होतं, की आज तुम्ही वकील नाही, नुसते स्कूटरचे मालक आहात.

सरकारी वकिलांनी विचारलं, साहेबांनी आरोपीकडे बोट दाखवलं. झकास झालं. मग उलटतपासणीला एक कोवळी वकीलबाई उभी राहिली. पहिलाच खटला, हातात प्रश्न लिहिलेला एकच कागद.

"तुम्ही आरोपीला नीट पाहिलंत का?"

साहेब मनात चरफडले. उलटतपासणीत असा प्रश्न? त्यांच्या हाताखालच्या कुणी विचारला असता, तर त्याला आठवडाभर फायली झटकायला बसवलं असतं. पुढचे तीन प्रश्न त्याहून भाबडे निघाले आणि कागद संपला. आरोपीने डोळे मिटले. साहेबांना राहवेना.

"गॅलरी कितव्या मजल्यावर आहे, ते विचारा की," ते पुटपुटले.

"कितव्या मजल्यावर आहे?"

"चौथ्या. आता चष्म्याचं घ्या."

सरकारी वकिलांनी कपाळाला हात लावला. न्यायाधीशांनी समज दिली, पण गाडी उताराला लागली होती. चष्मा आत टेबलावर होता. ऊन थेट डोळ्यांवर होतं. तोंड नव्हे, पाठ दिसली होती. दहा मिनिटांत वकीलसाहेबांनी वकीलसाहेबांचा पार भुगा केला. बाकावर येऊन टेकले तेव्हा छाती अभिमानाने फुगली होती; इतका पक्का साक्षीदार त्यांनी आजवर फोडला नव्हता.

मग बाहेर बसवलेल्या बायकोला पुकारलं. तिने स्कूटर आपलीच, एवढंच सांगायचं होतं. ते तिने सांगितलं. पण वकीलबाईंना आता चव लागली होती.

"म्हणजे आरोपीला तुम्हीही पाहिलेलं नाही, बरोबर?"

साहेब बाकावरून अर्धे उठले. उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न! बसा खाली बाई, बसा.

"पाहिलंय ना, चांगलं पाच मिनिटं," बायको म्हणाली. "मी बाजारातून येत होते. हा म्हणाला, साहेबांनी बोलावलंय, गाडी गॅरेजला नेतोय. ती सुरू होईना, म्हणून मीच मागून धक्का मारला. कोपऱ्यापर्यंत. जाताना थँक्यू वहिनी म्हणाला."

आरोपीने नकळत मान डोलावली. साहेब होते तिथेच खाली बसले.

"हे पोलिसांना का नाही सांगितलंत?" न्यायाधीशांनी विचारलं.

"सगळी उत्तरं हेच देत होते. यांनी 'आडदांड इसम' असं लिहूनही दिलं," ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली. "मग मी कशाला पुढे होऊ?"