सुभेदारांचा एकच इंग्रजी शब्द

समस्त नागरिकांना कळवण्यात येते की, साताऱ्यातल्या आमच्या गल्लीत 'ऑब्स्टिनेट' हा शब्द वापरण्याचे सर्व हक्क सुभेदार दौलतराव यांच्याकडे राखून ठेवलेले आहेत. इतरांनी तो परस्पर वापरू नये.

पलटणीत एका साहेबाने हा शब्द त्यांच्याच तोंडावर फेकला होता. पेन्शनबरोबर तोही ते घरी घेऊन आले. न फिरणारा नळ ऑब्स्टिनेट. रस्त्यात बसलेली म्हैस ऑब्स्टिनेट. जिना न चढता खालूनच हाका मारणारा पोस्टमन तर 'एक नंबर ऑब्स्टिनेट'.

"म्हणजे हट्टी ना?" मी एकदा विचारलं.

"न्हाई. हट्टी लेकरू असतंय. खाऊ दिला की गप. ऑब्स्टिनेटला खाऊ द्या. खाऊ खाईल आन् तिथंच बसंल."

यंदा कवठे महांकाळला त्यांच्या भाचीचं लग्न निघालं. नवरीला बोहल्यापर्यंत मामानेच आणायचं असतं. पण बहिणीने घरी येऊन अक्षत दिली नाही, नुसता फोन केला. "दादा, तू घरचाच. तुला कसली अक्षत?" झालं! अक्षत दारात आल्याशिवाय जाणार नाही, असं सुभेदारांनी जाहीर केलं. बहीणही त्याच आईची. सख्ख्या भावाला पाहुण्यासारखं बोलावणार नाही, म्हणाली.

लग्नाच्या दिवशी पहाटेच त्यांनी माझं दार वाजवलं. डोक्याला फेटा, काखेत पिशवी.

"निघालात लग्नाला?"

"छ्या! गाडीची बॅटरी उतरतीया. जरा फिरवून आणू."

त्या बॅटरीपायी आम्ही थेट कवठे महांकाळपर्यंत फिरलो. कार्यालयासमोर गाडी लावून सुभेदार आतच बसून राहिले. बहिणीने गाडीत पोहे पाठवले. सुभेदारांनी पोहे खाल्ले आणि तिथेच बसले. हसू दाबायला मी खिडकीबाहेर बघू लागलो.

लाउडस्पीकरवर भटजींनी पुकारा केला, "मामा, मुलीला घेऊन या!" सुभेदारांचा हात गाडीच्या दारापर्यंत गेला आणि मागे आला. दुसरा पुकारा झाला. ते मांडीवरची पिशवी उगाच सारखी करत राहिले.

तेवढ्यात खुद्द नवरीच बाहेर आली. कपाळाला मुंडावळ्या, मागे तिची आई. तिने गाडीचं दार उघडलं.

"मामा, माझी पिवळी साडी कुठाय?"

"मी आणलीया, हे कुणी सांगितलं तुला?"

"सांगाय कशाला पाहिजे? मामाची साडी नेसल्याबिगर मी बोहल्यावर उभी ऱ्हाणार न्हाई. मुहूर्त टळला तर टळू दे."

बहीण पदर तोंडाला लावून बाजूला उभी होती. 'ऊठ की रं दादा' एवढंसुद्धा म्हणाली नाही.

सुभेदारांनी पिशवीतून साडी काढली. पाच-सहा महिन्यांपूर्वीच आणलेली असावी. घड्या पार बसल्या होत्या. त्यांच्या घरात साडी नेसणारं कुणी नाही, कुणीच नाही, हे सांगायचं मघाशी राहून गेलं.

ते खाली उतरले. फेटा सावरला. डोळे पुसायचे मात्र विसरले आणि साऱ्या कार्यालयाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "बघताय काय? माझी भाची हाय! एक नंबर ऑब्स्टिनेट!"