हमीदाआपांचा पत्रव्यवहार

हमीदाआपा गोष्टीतल्या माणसांना पत्रं लिहितात. गोष्टीबद्दल नव्हे, गोष्टीतल्या माणसांना. वर तारीख, खाली 'पनवेल', मग 'इकडे सर्व खैरियत आहे, तुमची खैरियत अल्लाकडे मागते', आणि त्यानंतर थेट झाडाझडती.

आमच्या बी.ए.च्या वर्गात आम्ही सगळे एकोणीस-वीस वर्षांचे आणि आपा एक्कावन्नच्या. लेकीचं, सलमाचं, लग्न झालं आणि दुसऱ्या महिन्यात त्यांनी कॉलेजचा फॉर्म भरला. मराठीच्या सरांचा नियम असा, की नेमलेली प्रत्येक कथा-कविता वाचून आपली प्रतिक्रिया एका वहीत लिहायची. ती वही सर अधूनमधून तपासायचे आणि वर्षाअखेर जमा करायची. वही नाही, तर विषयात नापास.

मी इंग्रजी माध्यमातली. मराठी घेतलं ते मानसशास्त्राच्या जागा भरल्या म्हणून. पण प्रतिक्रिया कशी लिहायची हे मला शाळेपासून पाठ होतं. पहिली कथा होती बदली झालेल्या एका गुरुजींची, जे पाळलेला कुत्रा गावातच सोडून जातात. मी लिहिलं, 'लेखकाने एकटेपणाचे प्रभावी चित्रण केले आहे.' सरांनी शेजारी 'छान' लिहिलं.

आपा माझ्याच बाकावर बसतात. त्यांची वही उघडी होती म्हणून वाचली. 'गुरुजी, बदली सरकारने केली. कुत्र्याला सोडायचं तुम्ही ठरवलंत. तो बसच्या उजव्या अंगाला उभा होता आणि तुम्ही डाव्या खिडकीत जाऊन बसलात. बस रिकामी होती. मुद्दाम बसलात ना?'

मी पुस्तक काढून पाहिलं. उजवी बाजू एका पानावर होती, डावी खिडकी दोन पानं पुढे आणि रिकामी बस तिसरीकडेच कुठेतरी. मी ती कथा तीनदा वाचली होती. त्या दिवसापासून मी आपांची वही चोरून वाचू लागले. पुढे आपा स्वतःच ती माझ्याकडे सरकवायच्या.

कादंबरीच्या एका उताऱ्यात सुनेला छळणारी सासू होती. आपांनी तिला तीन पानं धारेवर धरलं, आणि शेवटी लिहिलं, 'गुडघ्यांना कोमट तेल लावत जा. तुमचं दुखणं घरात कुणी विचारत नाही, हे मला बाराव्या पानावर कळलं.' पुढच्या महिन्यातल्या कवितेत माणूसच नव्हता, फक्त एक कोरडी विहीर होती. मला वाटलं, आता आपा अडकल्या. त्यांनी विहिरीला लिहिलं.

मागच्या बाकावरची मुलं त्यांना छळायची. "काय आपा, आज कुणाला टपाल?"

"तुझ्या होणाऱ्या सासूला. बिचारीला आधीच सावध करते."

सर मात्र वैतागत चालले होते. एकदा भर वर्गात त्यांनी विचारलं, "हमीदाबाई, ही प्रतिक्रिया आहे की पोस्ट ऑफिस?"

आपा उभ्या राहिल्या. "सर, वाचलं की ही माणसं घरात येऊन बसतात. त्यांच्याशी न बोलता, त्यांच्याबद्दल तुम्हाला कसं सांगू? चुगली होते ती."

वर्ग हसला. मला हसू आलं नाही. मी आयुष्यभर चुगलीच करत आले होते.

वर्षातली शेवटची कथा अगदी छोटी होती. परमुलखात नोकरी करून एक माणूस कायमचा घरी परततो. बायको चहा देते. दोघं चहा पितात. कपबशीचा आवाज होतो. संपली कथा. सरांनी वही जमा करायची तारीख दिली, शनिवार, आणि आपांकडे पाहून म्हणाले, "या वेळी पत्र चालणार नाही. 'मला काय वाटलं' एवढंच लिहायचं. नाहीतर मी वही घेणार नाही."

गुरुवारपर्यंत आपांचं ते पान कोरं होतं. असं कधी झालं नव्हतं. सुटल्यावर त्या म्हणाल्या, "घरी चल बेटा. मला सुचत नाही."

मी कामोठ्याची. दोन वर्षं पनवेलला येत होते, पण बाजारामागच्या मोहल्ल्यात कधी गेले नव्हते. आपांचं घर पहिल्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत आपांचे मिस्टर, उस्मानचाचा, बसले होते. समोर टीव्ही चालू, आवाज बंद. "आलीस, बस," म्हणाले आणि पुन्हा टीव्हीकडे वळले. आपांनी चहा आणि खारी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी मान हलवली. आपा आत आल्या. मला ती कथा पुन्हा वाचल्यासारखं झालं.

स्वयंपाकघरात आपा हळू आवाजात बोलू लागल्या. "सलमाचे अब्बा बावीस वर्षं कुवेतला होते. दर आठवड्याला पत्र. पुढे मोबाईल आला, तरी पत्र सुटलं नाही. फोनवर सगळं घर बोलायचं, माझी पाळी आली की पैसे संपायचे. पत्र मात्र माझं एकटीचं. भात करपला, रूममधला मद्रासी घोरतो, उन्हात चप्पल वितळली, सगळं लिहायचे. मी हसून हसून लोळायचे. चार वर्षं झाली परत येऊन. आता समोर बसून जेवतात, आणि भात करपला तरी सांगत नाहीत."

"तुम्ही विचारत नाही?"

"काय विचारू? मलाही तोंडाने बोलायची सवय कुठंय त्यांच्याशी?" त्यांनी वहीचं कोरं पान माझ्यापुढे धरलं. "या बायकोला काय लिहू? ही तर मीच."

मी वर्गात कधी हात वर करत नाही. पण ओट्याशी उभी राहून मी म्हटलं, "मग तिला नका लिहू. त्या माणसाला लिहा."

"सरांनी पत्र नको म्हटलंय."

"सरांना काय कळतंय!"

बोलून गेले आणि मीच जरा घाबरले. मग आपांनी कणकेचा डबा बाजूला सारला, ओट्यावर वही ठेवली आणि उभ्या उभ्याच लिहायला लागल्या. दोन पानं झाली, तिसरं सुरू झालं. या वेळी त्यांनी वही माझ्याकडे सरकवली नाही, आणि मीही मान वळवली नाही.

शनिवारी त्या रिकाम्या हातांनी आल्या.

"वही?"

"घरी आहे. काल बाजारातून आले तर सलमाचे अब्बा ती घेऊन बसलेले. पहिल्या पानापासून वाचतायत, बोट लावून."

"अहो, पण आज शेवटचा दिवस आहे. नापास व्हाल!"

"मागितली असती तर लगेच दिली असती त्यांनी. पुन्हा हातात घेतली नसती." त्यांनी पदर नीट केला. "परीक्षा काय, पुढच्या वर्षी पण असते."

तासाला अवकाश होता. मी पाण्याची बाटली भरायला खाली गेले. फाटकाशी वॉचमन कुणालातरी अडवत होता. उस्मानचाचा होते. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत वही. मला पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला.

"बेटा, हमीदा ही घरी विसरली. आज द्यायची होती ना?"

मी हो म्हटलं. त्यांनी पिशवी पुढे केली, पण हातातून सोडली नाही. "ही परत कधी मिळते?"

"निकालानंतर, चाचा."

"अच्छा." ते पिशवीकडे बघत म्हणाले, "नाही, माझं थोडं राहिलंय. विहिरीपर्यंत आलो होतो."

म्हणजे शेवटचं पत्र त्यांनी वाचलंच नव्हतं.

"चाचा," मी म्हटलं, "शेवटचं आधी वाचा. आत्ता. वेळ आहे."

ते फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसले. चष्मा लावला. पोरं धावत येत-जात होती, म्हणून मी चाचांना आडोसा करून उभी राहिले. त्यांचं बोट ओळीखालून सरकत होतं. दुसऱ्या पानावर ते थांबलं, मागे गेलं आणि पुन्हा तीच ओळ वाचू लागलं. तिसरं पान संपलं. त्याखाली अर्धं पान कोरं होतं.

वर तासाची घंटा झाली. मी वहीसाठी हात पुढे केला.

चाचांनी खिसे चाचपले, शर्टाचा, मग पँटचे.

"बेटा," ते म्हणाले, "पेन आहे?"