एकोणीस सेकंदांचा चोर

कोणतीही फाइल माझ्यापुढे टाका, तिच्या सात पिढ्या काढून दाखवतो! शाळा मी नववीत सोडली, कॉम्प्युटर उघडून-मोडून शिकलो, आणि पदवीवाल्या दीडशहाण्यांना जमलं नाही ते करून दाखवलं. माझ्या प्रोग्रामचं नाव ‘आजोबा’. फाइल कुठल्या मशीनवर जन्मली, कोणी कॉपी केली, कोणी कुठे कात्री चालवली, सगळी कुळकथा तो सांगतो. आमच्या कामाग्वे शहरात इंटरनेट जेमतेम, त्यामुळे सिनेमे, मालिका, गाणी दर आठवड्याला डिस्कवर भरून घरोघर फिरतात, आणि मधला प्रत्येक गाढव त्यांत आपली कात्री घालतो. म्हणून आजोबा!

शनिवारी सकाळी शेजारच्या एदुविगेस मावशी आल्या. वय ऐंशी, पण चाल अशी की रस्ता बाजूला होतो.

“रेनेरिओ, या आठवड्याच्या डिस्कमध्ये माझा नवरा आलाय.”

लेओविगिल्दोकाका जाऊन बारा वर्षं झाली होती. मी खुर्ची पुढे केली.

“घाबरू नकोस, गाणं आलंय. त्यानं घरीच कॅसेटवर गायलेलं. बारा वर्षांत आवाज ऐकला नव्हता रे. पण खाली लिहिलंय काय, तर ‘अनोळखी गायक’! आणि सुरुवातच नाही. गाण्याआधी तो मला काहीतरी बोलला होता. शब्द विसरले मी. एवढंच आठवतं की मी हसून हसून भिंतीला टेकले होते. ते शब्द शोधून दे. माझ्याकडे आता फार शनिवार नाहीत.”

माझं डोकंच फिरलं! ज्या माणसानं अर्ध्या गल्लीच्या दाढ्या केल्या आणि प्रत्येक दाढीला एक गाणं फुकट दिलं, तो अनोळखी? आजोबाला कामाला लावलं. निकाल आला: पहिल्या एकोणीस सेकंदांवर कोणीतरी मुद्दाम कात्री चालवली आहे.

“मावशी, या चोराला मी तुमच्या पायाशी आणून आपटतो!”

आधी गाठला कोपऱ्यावरचा ओस्मानी. आमच्या गल्लीची डिस्क तोच भरतो.

“बोल, मेलेल्या माणसाचं बोलणं का कापलंस?”

“मी? अरे बाबा, मला जाहिरात कापायला वेळ नाही, माणसं कुठे कापू? साऱ्या वस्तीला माल पुरवणाऱ्या मिग्दालियाकडून येतं तसं पुढे देतो.”

आजोबानंही तेच सांगितलं. मग मी सायकलवर, लॅपटॉप छातीशी धरून ओस्मानी मागच्या सीटवर, आणि हट्टानं निघालेल्या मावशी ओस्मानीच्या भाच्याच्या सायकलरिक्षात. मिग्दालियाचं दार मी मुठीनं बडवलं आणि मोठ्यांदा विचारलं, “हा माल कुठून येतो? सगळी नोंद पाहिजे!”

इथेच चुकलो. हा धंदा विनापरवाना, आणि आमच्याकडे असं फक्त सरकारी तपासनीस विचारतात. आत धपकन् आवाज झाला. दार उघडलं तेव्हा मिग्दालिया हसतमुख उभी होती आणि तिची नवी डिस्क चुलीजवळच्या पातेल्यात, भिजत घातलेल्या काळ्या घेवड्यात बुडालेली होती.

“तू होय, मेल्या!” मला ओळखताच तिनं कपाळ बडवलं. “मालिकेचा शेवटचा भाग होता त्यात! आज साऱ्या वस्तीत वाटायचा होता!”

बातमी सायकलपेक्षा वेगानं पसरली. पाच मिनिटांत दारात चाळीस माणसं! एक म्हातारी छत्री उगारून विचारत होती, “त्या पोरीचं लग्न झालं की नाही, एवढं तरी सांग रे राक्षसा!”

“बायकांनो, इथे एका विधवेचं सर्वस्व कापलं गेलंय आणि तुम्हाला लग्न सुचतंय?” मी गरजलो. मावशींना बघून गर्दी जरा निवळली. मिग्दालियानं फ्रीजवरची जुनी डिस्क काढली. गाणं तिच्याकडे त्यातूनच आलं होतं. आजोबा कुरकुरला, घरघरला आणि थेट मुळाशी पोचला. जन्म: दोन हजार आठ. कात्री त्याच दिवशी. मशीनचं नाव: ‘कामाग्वेचा सिंह’.

“बघा!” मी स्टुलावर चढलो. “चोर आणि वर सिंह! मशीनला असलं नाव ठेवणारा महामूर्ख कोण? आणा त्याला पुढे!”

ओस्मानी खाली बघत म्हणाला, “रेनेरिओ... तुझं पहिलं मशीन मीच दुरुस्त करायचो. चालू केलं की हेच नाव यायचं. खाली सिंहाचं चित्र. गॉगल घातलेला.”

चाळीस डोकी माझ्याकडे वळली. स्टुलावरून उतरायला मला इतका वेळ कधीच लागला नव्हता.

“तेव्हा पेनड्राइव्ह लहान असायचे, मावशी,” मी पुटपुटलो. “जागा वाचवायला कापलं असेल...”

“एकोणीस सेकंदांची?” मावशींची नजर पातेल्यातल्या घेवड्यावरून माझ्यावर आली. “ते राहू दे. मी समजत होते कॅसेट वादळात गेली. म्हणजे ती तुझ्याकडे आहे!”

सगळी वरात माझ्या घरी आली. कॅसेट सापडली पंख्याच्या आखूड पायाखाली. धूळ पुसली, फळीवरचा टेपरेकॉर्डर काढला, बटण दाबलं. आधी खरखर, मग भांड्यांचा आवाज, कोंबडा आणि त्याच्यामागून काका, अगदी शेजारच्या खोलीत असल्यासारखे.

“एदुविगेस, घेवडा करपतोय! आणि ऐक, ही कॅसेट त्या रेनेरिओला देऊ नकोस. तो म्हातारा होईल, पण वस्तू परत करणार नाही!”

मग गाणं सुरू झालं.

मावशी भिंतीला टेकल्या. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला. ऐंशी वर्षांची बाई चाळिशीतल्यासारखी हसत होती आणि पदर नसल्यामुळे डोळे माझ्याच खिडकीच्या पडद्याला पुसत होती. मिग्दालियाही रडली, मालिका विसरली. दोन हजार आठ साली हे ऐकून मला केवढा राग आला होता, ते त्या क्षणी मला लख्ख आठवलं. पण कोणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

गाणं संपलं. मी कॅसेट दोन्ही हातांनी मावशींपुढे धरली. “घ्या मावशी. केली की नाही परत?”

मावशींनी कॅसेट घेतली. मग टेपरेकॉर्डर उचलून उलटा केला. त्याच्या तळाला खिळ्यानं कोरलेलं होतं: ‘लेओविगिल्दो’.

त्याचं मूळ शोधायला आजोबाची गरज लागली नाही.