भिंतीपलीकडे गेलेली तुटक रेघ

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि एक पत्र्याचं पिंप बघा. कमरेपेक्षा उंच, अंगभर गंज चढलेलं. खाली शेगडी धुमसते आहे, आत करंजाचं तेल तापतं आहे. भर दुपार आहे. शेडमध्ये तुमच्याशिवाय चिटपाखरू नाही. आणि त्या पिंपातून एक बाई तुम्हाला म्हणते, "आलायसा व्हय? मग बसा की."

उघडा डोळे. तुमच्या जागी त्या दुपारी शमशाद होती. सहावीतली पोर, पालीला शेपटीला धरून बाहेर टाकणारी. तीसुद्धा हातातला झारा टाकून पळाली आणि थेट रस्त्यावरच्या पंक्चरवाल्यापाशी जाऊन थांबली.

पण हे पिंप आलं कुठून, ते आधी सांगायला हवं.

शाहूपुरीच्या मागच्या अंगाला शमशादच्या अब्बांची, रशीद मिस्त्रींची, तेलाची इंजिनं दुरुस्त करायची शेड होती. साल एकोणऐंशी. डिझेल मिळेनासं झालं होतं. पंपावर माणसांच्या आधी कॅन रांगेत उभे राहायचे आणि संध्याकाळी कोरडे घरी जायचे. खेड्यापाड्यांतली इंजिनं मुकी झाली होती. तेव्हा कॉलेजातल्या एका सरांनी मिस्त्रींना युक्ती सांगितली. करंजाचं तेल तसंच घातलं तर इंजिन म्हाताऱ्यासारखं खोकतं. पण त्यात बेतानं स्पिरिट आणि कॉस्टिक सोडा मिसळून ते तापवलं, की काकवीसारखा चिकट थर तळाला बसतो आणि वर पातळ तेल उरतं. त्यावर इंजिन सुरेख चालतं.

मिस्त्रींचा लोखंडावर हात असा, की घासलेल्या नटात तोंड दिसावं. कागदावर मात्र त्यांनी काढलेलं वर्तुळ घाईत थापलेल्या भाकरीसारखं व्हायचं. म्हणून यंत्राचे नकाशे काढले शमशादनं. दोन कागद. पहिल्यावर समोरून दिसणारं पिंप, दुसऱ्यावर वरून दिसणारी सगळी शेड. मिस्त्रींनी ते खिळ्याला टांगले आणि येईल त्याला सांगू लागले, "माझ्या लेकीच्या कागदावरनं आंधळा मिस्त्रीसुद्धा यंत्र उभं करंल."

आंधळा नव्हे, चांगला डोळस वेल्डर आला. गुंडू त्याचं नाव. त्याच दिवशी मिस्त्रींना करंजाचं तेल आणायला गडहिंग्लजला जायचं होतं. गुंडूनं पहिला कागद बघून विचारलं, "शमे, ही तुटक रेघ कशाची गं?"

"ती नळी पिंपाच्या मागं हाय. हाय, पण समोरनं दिसत न्हाय. म्हणून तुटक."

"असं व्हय," गुंडू म्हणाला. शमशाद शाळेत गेली, मिस्त्री एस.टी.त बसले, आणि गुंडूनं एकट्यानं दिवसभरात यंत्र उभं केलं.

मिस्त्री परतले तेव्हा पिंपाच्या झाकणातून निघालेली वाफेची नळी भिंतीच्या जुन्या झरोक्यात शिरलेली होती. कडेनं माती लिंपून घेतलेली. मिस्त्रींना वाटलं, पलीकडं बोळ आहे, वाफ बाहेर गेली, बरं झालं. त्यांनी गुंडूला दोन वेळा चहा पाजला.

खरं तर बोळ भिंतीच्या निम्म्यापर्यंतच होता. उरलेल्या निम्म्या भिंतीला धोंडुबाईंची मागची खोली चिकटून होती.

धोंडुबाई एकट्याच राहायच्या. त्यांचे यजमान, आकाराम, जाऊन चार वर्षं झाली होती. ती मागची खोली आकारामांची. तिथं त्यांचं बाजलं, त्यांचा फोटो आणि भिंतीला टेकून एक रिकामी कणगी होती. कणगी म्हणजे धान्य साठवायचं कुडाचं उंच पीप. झरोका नेमका त्या कणगीमागं.

आता आकाराम कसे होते, तेही ऐका. गुडघे धरलेले, म्हणून सकाळ-संध्याकाळ पायांना करंजाचं तेल चोळायचे. आणि मन धरलेलं असलं, म्हणजे बहुतेक रोजच, बाटलीतलं घ्यायचे. त्यामुळे ते खोलीत आले, की आधी तेलाचा वास यायचा, मागून दारूचा, आणि मग बाजल्यावर बसताना एक लांब सुस्कारा.

मिस्त्रींनी शेगडी पेटवली. पिंप तापलं. आणि पलीकडं बंद खोलीत आधी करंजाच्या तेलाचा वास आला, मागून स्पिरिटचा, आणि मग कणगीमागून कुणीतरी "हूऽऽश्श" असा लांब सुस्कारा सोडला.

धोंडुबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं.

पहिल्या दिवशी त्या दारातूनच हात जोडून परतल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच वास, तोच सुस्कारा, वर पोटात गुडगुडल्यासारखा आवाज. आकारामांचं पोटही असंच वाजायचं. तिसऱ्या दिवशी त्यांनी चहाची कपबशी उंबऱ्यावर ठेवली. चौथ्या दिवशी त्या उंबऱ्यावर बसून बोलू लागल्या.

आणि नळीला, बाळांनो, दोन तोंडं असतात.

"बत्तीस वर्षं सोसलं," पिंप रशीद मिस्त्रींना म्हणालं. "आता तरी तोंड बंद ठेवा की."

मिस्त्रींनी ताबडतोब तोंड बंद ठेवलं. पिंप भंगारातून आणलेलं, कुणाचं, कुठलं, काही ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते म्हणालं, "माझ्या आईच्या पाटल्या कुठं घातल्यासा, त्ये मला सगळं ठावं हाय." मिस्त्रींनी पिंपाला ताईत बांधला. तिसऱ्या दिवशी ते नुसतंच रडलं. गुंडू काहीतरी ठोकायला आला होता, तो हत्यारं तिथंच टाकून गेला आणि ती न्यायलाही आला नाही.

"अब्बा, आवाज ओळखीचा वाटतोय," शमशाद म्हणाली.

"भुतांचा तसाच असतो बेटा. ओळख काढूनच येतात ती." मिस्त्री पिंपापासून दोन पावलं मागं सरकले. "आजचा हा घाणा उतरवतो आणि पिंप भंगारवाल्याला देऊन टाकतो. डिझेल न मिळू दे. नकाशेबिकाशे शेगडीत घाल."

शमशादनं खिळ्यावरून कागद काढले, पण शेगडीत घालवेनात. तीन रविवार खपून काढलेले ते. तिनं दोन्ही कागद प्रथमच शेजारी शेजारी जमिनीवर मांडले आणि उकिडवं बसून बघत राहिली.

तुम्हीही तिच्या खांद्यावरून वाकून बघा. पहिल्या कागदावर तुटक रेघ म्हणजे 'आहे, पण दिसत नाही'. दुसऱ्या कागदावर वाफेची नळी पिंपापासून भिंतीकडं तुटक रेघेनंच काढलेली. ती कशासाठी? शमशादला आठवलं. ती नळी कुठून न्यायची ते ठरलंच नव्हतं. तिथं तुटक रेघ म्हणजे 'पुढं बघू' होती. एकच रेघ, आणि दोन कागदांवर तिची दोन कामं. तिनं ते गुंडूला सांगितलं नव्हतं. बिचाऱ्यानं पहिल्या कागदाचा अर्थ दुसऱ्याला लावला. नळी असायला हवी, पण दिसायला नको. मग ती भिंतीत घालण्यावाचून त्यानं करायचं तरी काय?

शमशादनं कागदावर बोट ठेवून भिंतीची लांबी मोजली, मग उठून पावलांनी खरी भिंत मोजली. बोळ नळीच्या चार पावलं आधीच संपत होता.

तिच्या अंगावर काटा आला. भूत नव्हतं म्हणून नव्हे. सकाळीच धोंडुबाईंनी तिला हाक मारून सांगितलं होतं, "शमे, मी आजच्या गाडीनं वाडीला निघाले बघ. दत्ताच्या पायाशीच ऱ्हाणार. त्येंच्या खोलीत जाताना तेवढा धूप घालून जाते. निखारे चांगले फुलवून."

नृसिंहवाडीला लोक अंगातली भुतं काढायला जातात. पण आठ दिवस स्पिरिटची वाफ कोंडलेल्या खोलीत फुललेले निखारे नेले, तर भूत काढायला वाडीपर्यंत जायची गरजच उरत नाही.

"अब्बा, शेगडी विझवा," असं ओरडून शमशाद धावत सुटली.

धोंडुबाई चुलीपाशी होत्या. नवं लुगडं, दाराशी गाठोडं, हातात निखाऱ्यांचं धुपाटणं. त्या मागच्या खोलीकडं वळल्या आणि शमशाद दोन्ही हात पसरून दारात उभी राहिली.

"आज्जी, आत इस्तू नेऊ नका."

"सर बाजूला. त्येंना निरोप द्यायचा हाय."

"ते आजोबा न्हाईत. ते आमचं पिंप हाय."

शमशादनं एका दमात सगळं सांगितलं. रेघ, गुंडू, झरोका, कणगी. शेवटी म्हणाली, "चूक माझी हाय. अब्बांची न्हाय. गुंडूमामाचीबी न्हाय."

धुपाटणं अंगणात गेलं. खोलीची दारं-खिडक्या सताड उघडली. तासाभरानं रशीद मिस्त्री आले, त्यांनी कणगी सरकवली, आणि मागून नळीचं काळं तोंड निघालं. धोंडुबाईंनी वाकून त्यात डोकावलं.

"मिस्त्री," त्या म्हणाल्या, "ह्यातनं तिकडं ऐकू येत हुतं?"

मिस्त्रींनी टोपी काढून पुन्हा घातली. "थोडं थोडं."

"पाटल्यांचं?"

"...ते जरा स्पष्ट होतं."

"आणि त्ये रडल्यालं?"

मिस्त्री जमिनीकडं बघत म्हणाले, "बहेनजी, मला वाटलं पिंप रडतंय. मी त्याला ताईत बांधला."

धोंडुबाई हसतील असं शमशादला वाटलं. त्या हसल्या नाहीत. पदर तोंडाला लावून बाजल्यावर बसल्या. म्हणाल्या, "बत्तीस वर्षांत एक शबुद बोलले न्हवते मी त्येंच्याम्होरं. ह्या आठ दिवसांत बोलले. आणि निम्मंच झालंय बघा."

मिस्त्रींनी नळी उपसायला हात घातला.

"नळी आजच्या दिवस काढू नगा," त्या म्हणाल्या. "गाडी उद्याबी हाय. न्हाईतर परवा. पिंप पेटवू नका म्हंजे झालं. जावा आता."

बापलेक शेडमध्ये परत आले. पिंप गार पडलं होतं. पलीकडं बाजलं करकरलं, आणि नळीतून हळू आवाज आला, "अवं, ऐकताय न्हवं?"

शमशादनं अब्बांना स्टुलावर बसवलं आणि मागं उभं राहून त्यांचे दोन्ही कान तळहातांनी गच्च दाबून धरले. स्वतःच्या कानांना हात उरले नाहीत, म्हणून ती मोठ्यानं एकोणतीसचा पाढा म्हणू लागली. एकोणतीस पंचे एकशे पंचेचाळीसपर्यंत आली असेल नसेल, तोच पिंप म्हणालं, "शमे, जरा हळू म्हण की. आमचं बोलणं चाललंय."

शमशाद गप्प झाली. अब्बांचे कान तिनं सोडले नाहीत. आणि एकोणतीसचा पाढा, पहिल्यापासून, मनातल्या मनात म्हणायला लागली.