सुतळीने बांधलेला मजकूर

गेले अकरा आठवडे अण्णांच्या घरात एक कॉम्प्युटर झोपलेला होता आणि त्याची झोप मोडू नये म्हणून अण्णा डोळ्यांत तेल घालून जागे होते. टेबलाखालच्या डब्यावर एक निळा दिवा हळूहळू उघडझाप करी. सकाळी दात घासायच्या आधी अण्णा तो बघून घेत. दिवा लुकलुकतोय म्हणजे आत मजकूर शाबूत आहे, असं कॉम्प्युटरवाल्याने फोनवर सांगितलं होतं. बाईंनी तो सेव्ह केलेला नाही, त्यामुळे वीज गेली की मजकूरही गेला, हेही त्यानेच सांगितलं होतं. तेव्हापासून अण्णांचा जीव टांगणीला लागला होता.

मजकूर बायकोचा होता. ऑपरेशनला निघायच्या सकाळी ती काहीतरी टाइप करत बसली होती, तशीच उठून गेली आणि मशीन थोड्या वेळाने आपोआप झोपलं. ती तीन दिवसांत परत यायची होती. ती आलीच नाही.

आता अण्णांना कॉम्प्युटरचं एवढं प्रेम कधीपासून, असं कुणी विचारेल. मुळीच नव्हतं. अण्णा छापखान्यात कंपोझिटर होते. अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवण्यात त्यांची तीस वर्षं गेली. मग कॉम्प्युटर आले, छापखाना बंद पडला, आणि बायकोने काय करावं? तेच मशीन शिकून घेतलं आणि वर एक घरात आणून ठेवलं. वैऱ्याला पाटावर बसवल्यासारखं झालं अण्णांना. आपण त्याला बोट लावणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. बायकोने वाद घातला नाही. ती लोकांचे प्रबंध टाइप करी, कागद काढून मशीनशेजारच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवी. अण्णा लाल पेन्सिलने चुका काढून तो कागद पुन्हा ट्रेमध्ये टाकत. वीस वर्षं या घराचा संसार त्या ट्रेमधून चालला. अण्णांनी एकही प्रूफ कोरं परत केलं नाही. बायको म्हणायची, तुम्ही चूक सापडेपर्यंत वाचता.

तर अशा माणसाने मजकूर कसा सांभाळावा? त्याला येतो तसा. छापखान्यात जुळवलेल्या खिळ्यांना भोवतीने सुतळीचे वेढे घालून आवळतात, मग महिनाभर एक अक्षर हलत नाही. अण्णांनी मशीनच्या मागच्या सगळ्या वायरी, बॅटरीचा यूपीएस आणि भिंतीवरचं बटण यांना मिळून सुतळीचे सात वेढे घातले, वर छापखान्यातली गाठ मारली आणि पाटी लावली, हात लावू नये. मधे दोनदा पाच-पाच मिनिटं वीज गेली, तेव्हा ते यूपीएसशेजारी स्टूल टाकून, आजाऱ्याजवळ बसावं तसे बसून राहिले.

आणि परवा इमारतीच्या फाटकावर सूचना लागली. वायरी बदलायच्या असल्यामुळे शुक्रवारी अकरा ते पाच वीज बंद. यूपीएस टिकणार फार तर पंधरा मिनिटं.

शुक्रवारी नऊलाच मुलगी रजा टाकून आली. आज मशीन उठवून मजकूर सेव्ह करायलाच हवा, असं तिने निक्षून सांगितलं. अण्णा म्हणाले, बिघडलं तर? मुलगी म्हणाली, अकरानंतर बिघडायला तरी काय उरणार आहे? खरं कारण अण्णांनी सांगितलं नाही. बायकोचं एवढं एकच काहीतरी वाचायचं शिल्लक होतं. ते वाचून झालं की मग काहीच शिल्लक राहणार नव्हतं, आणि त्याची त्यांना भीती वाटत होती.

मुलीने कीबोर्डवरचं बटण दाबलं. पंखा घरघरला, निळा दिवा स्थिर झाला, पडदा मात्र काळाच. दोन मिनिटांनी पंखा थांबला, दिवा पुन्हा लुकलुकू लागला. पुन्हा बटण, पुन्हा घरघर, पुन्हा झोप. शाळेच्या दिवशी पोराने कूस बदलावी तसं ते मशीन करत होतं. कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. तो तोंडात घास ठेवून बोलत होता. माउस हलवा म्हणाला, हलवला. माउस काढून दुसऱ्या भोकात घाला म्हणाला, घातला. दिवा लागलाय का, असं त्याने विचारलं. मुलीने खाली डब्याकडे बघून लागलाय म्हणून सांगितलं. मग तो म्हणाला की झोपेतून उठताना जुन्या मशीनचं असं होतं, बटण पाच सेकंद दाबून ठेवा आणि नव्याने चालू करा. मजकूर? तो जाईल. अण्णांनी फोन हिसकावून घेतला आणि त्या माणसाचा असा पाणउतारा केला की त्याने घास गिळला असावा.

आवाज ऐकून शेजारचे मीटरवाले आले. हे गृहस्थ नोकरीभर घरोघरचे मीटर वाचून निवृत्त झाले होते, त्यामुळे वीज आपल्याला विचारून वाहते अशी त्यांची समजूत होती. दोष मागच्या बाजूला आहे, असं त्यांनी दारातूनच ठरवलं आणि कुणी नको म्हणायच्या आत टेबल पुढे ओढलं. टेबल आलं, सुतळी आली, सुतळीबरोबर यूपीएसचा प्लग भिंतीतून सुटून आला. यूपीएस टूं टूं करू लागला. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. वीज जायला चाळीस मिनिटं होती आणि या घरातली ती मीटरवाल्यांनी आत्ताच घालवली होती.

"अहो, परत खोचा तो," मुलगी म्हणाली.

मीटरवाल्यांनी खूप ओढलं, पण सात वेढ्यांत आवळलेला प्लग भिंतीपर्यंत पोचेना. दोन बोटं कमी पडत होती. टेबल मागे ढकलावं तर वायरी अडकलेल्या. मुलगी कात्री घेऊन धावत आली, पण सुतळी आणि वायरी अशा एकजीव झाल्या होत्या की काय कापलं जाईल याचा नेम नव्हता. यूपीएसचा टूं टूं आता घाईचा झाला. मीटरवाले घाम पुसत म्हणाले, ही गाठ मारली कुणी?

"मी," अण्णा म्हणाले. "सरका."

त्यांनी कपाटातून खिळे उचलायचा जुना चिमटा काढला आणि गुडघे मोडून टेबलाखाली शिरले. चिमटा गाठीला लागला. पहिला वेढा सुटला, दुसरा सुटला. प्लग भिंतीत बसला, टूं टूं बंद झालं. अण्णा तिथेच बसून राहिले, कारण तिसरा वेढा सोडताना त्यांना एक गोष्ट दिसली होती. सुतळीने पडद्याची वीज आणणारी पिन ओढून अर्धी बाहेर काढली होती. मशीन बिचारं सकाळपासून दर वेळी नीट उठत होतं. पडद्याचा दिवाच विझलेला होता, आणि तो विझवणारी सुतळी अण्णांची होती.

"बाबा, काय झालं?"

"काही नाही," अण्णा म्हणाले आणि त्यांनी पिन आत दाबली. मुलीने बटण दाबलं. पडदा उजळला.

अण्णा उठून चष्मा लावून उभे राहिले. वीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदा त्या पडद्याकडे तोंड केलं होतं. मुलगी वाचू लागली. अहो, असं वर लिहिलं होतं. तीन दिवस मी नाही, म्हणून लिहून ठेवते. डावी शेगडी भडकते, उजवी वापरा. कपाटाची किल्ली पिठाच्या डब्यामागे आहे. चष्मा सापडला नाही तर फ्रिजवर बघा, दर वेळी तिथेच असतो. काही बिघडलं तरी मीटरवाल्यांना वायरींना हात लावू देऊ नका.

मीटरवाले खिडकीबाहेर बघू लागले. मुलीला हसू फुटलं आणि हसता हसताच रडू आलं. पुढचं अण्णांनी स्वतः वाचलं.

"या मशीनशी तुम्ही वीस वर्षं बोलला नाहीत. मी नाही तोवर जरा बसून बघा, ते चावत नाही. चार ओळी लिहा माझ्यासाठी, आल्यावर वाचीन. फक्त उठायच्या आधी सेव्ह करायचं, नाहीतर सगळं जातं. त्यासाठी"

पुढे काही नव्हतं.

अण्णांना ती सकाळ आठवली. गाडी दारात होती. ती म्हणाली होती, एकच ओळ राहिलीय. आणि त्यांनी जिन्यातून ओरडून सांगितलं होतं, राहू दे, आल्यावर लिही.

मुलीने कीबोर्डकडे हात नेला. अण्णांनी तो धरला. "मी करतो. कुठलं दाबायचं ते सांग."

तिने सांगितलं. अण्णांनी दोन्ही हातांचं एकेक बोट लावून दाबलं. मशीनने फाइलचं नाव विचारलं. काय देऊ, असं मुलीने विचारलं. अण्णांनी थोडा विचार केला.

"पहिलं प्रूफ," ते म्हणाले.

मुलीने छापायला लावलेला कागद प्रिंटरमधून बाहेर आला तेव्हा अकराला सहा मिनिटं होती. अकराला वीज गेली. थोड्या वेळाने यूपीएसही थकला आणि अकरा आठवड्यांनी निळा दिवा विझला. अण्णांनी त्याकडे पाहिलंही नाही. ते खिडकीपाशी लाल पेन्सिल घेऊन बसले होते. कागद त्यांनी तीनदा वाचला. सवयीप्रमाणे चूक सापडेपर्यंत वाचला. सापडली नाही. मग शेवटच्या शब्दापुढे त्यांनी, अपुऱ्या मजकुरापुढे जन्मभर करत आले ती खूण केली आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं, "पुढील मजकूर नाही. लेखिकेस विचारावे."

मग ते उठले आणि कागद दुरुस्तीसाठी तिच्या ट्रेमध्ये ठेवून आले.